चिकू रात्रभर पंजे चाटतो

प्रश्न : आमचा चिकू चार वर्षांचा, फिकट रंगाचा लॅब्रॅडॉर आहे. दीड वर्षाचा असल्यापासून तो पुढचे पंजे चाटतो, कान झटकतो, पोट जमिनीवर घासतो. हे बाराही महिने चालतं. पंजांवरचे केस तांबूस झालेत आणि कानांना आंबूस वास येतो. दोन वर्षांत पाच वेळा खाणं बदललं, धान्य नसलेलं महागडं खाणंही आणून पाहिलं. दरवेळी आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. डॉक्टरांच्या गोळ्यांनी खाज थांबते, गोळ्या संपल्या की परत सुरू. मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्याच्या केसांचा नमुना तपासायला पाठवला, तर तेवीस गोष्टींची ॲलर्जी निघाली! आता त्याला घालू तरी काय? सासूबाई म्हणतात, बिचाऱ्याला उपाशी मारू नकोस. नणंद म्हणते, दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. रात्री तीन वाजता तो चाटण्याचा आवाज आला की मी उठून बसते. माझंच काही चुकलं का?
– चिकूची आई

उत्तर :

चिकूच्या आई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं सगळं जरा हलक्या मनाने वाचाल. तुमचं काही चुकलेलं नाही. ॲलर्जीकडे असलेला कल कुत्रा बहुतेक वेळा जन्मतःच घेऊन येतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, फ्रेंच बुलडॉग, जर्मन शेफर्ड या जातींत तो जास्त आढळतो. तुम्ही लहानपणी काय खायला घातलंत, कुठल्या साबणाने आंघोळ घातलीत, यावरून चिकू ॲलर्जीवाला झालेला नाही. फक्त शोध उलट्या टोकापासून सुरू झाला, आणि तसा तो बहुतेक घरांत होतो. खाज दिसली की पहिला संशय वाटीतल्या खाण्यावर जातो. खरं तर खाण्याची पाळी बरीच नंतर येते.

माणसाला ॲलर्जी झाली की शिंका येतात, डोळ्यांना पाणी सुटतं. कुत्र्यात ती प्रामुख्याने कातडीवर दिसते, आणि कुठे खाजतं यात बरीच माहिती दडलेली असते. पंजांचा तांबूस रंग म्हणजे लाळेतल्या पॉरफायरिन या रंगद्रव्याचा डाग. फिकट केसांच्या कुत्र्यात तो चाटण्याचा पुरावाच असतो, तुम्ही घरी नसताना किती चाटलं तेही तो सांगतो. वयाच्या तीन वर्षांच्या आत सुरुवात, पुढचे पंजे, कानाच्या पाळीची आतली बाजू, पोट आणि काखा, ही सगळी चिन्हं जुळून आली की हवेतल्या किंवा घरातल्या कणांच्या ॲलर्जीचा, म्हणजे ॲटोपीचा, संशय बळावतो. बाराही महिने खाज असेल तर परागकणांपेक्षा धूळकिड्यांकडे, म्हणजे घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांकडे, बोट जातं. स्टेरॉइडने खाज पटकन थांबणं हीसुद्धा त्याच बाजूची खूण आहे. म्हणून जुन्या चिठ्ठ्या शोधा आणि त्या गोळ्या नेमक्या कोणत्या होत्या ते पाहा.

अडचण अशी की खाण्याची ॲलर्जीही हुबेहूब अशीच दिसते. तेच पंजे, तेच कान. दिवसातून तीन-चार वेळा शी, पातळ शी, सारखे वायू असं काही सोबत असेल तर खाण्याचा संशय वाढतो, पण नुसतं पाहून या दोन्हींत फरक करणं कुणालाही जमत नाही, मलाही नाही. म्हणून एकेक शक्यता क्रमाने बाद करत जावं लागतं.

सुरुवात पिसवांपासून. ‘आमच्याकडे पिसवा नाहीतच’ हे वाक्य मी रोज ऐकते, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात, आणि खाजवता-चावता तो त्या पिसवा गिळूनही टाकतो. मग सापडणार काय? एक सोपी परीक्षा आहे. दाट दातांची फणी कमरेवरून शेपटीच्या बुडाकडे फिरवा आणि निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. काळे कण विरघळून तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही आला तरी पिसवांवरचं औषध सुरू करायचंच. ते घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला, सलग किमान तीन महिने. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण फौजेचा लहानसा हिस्सा असतो. अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, गालिच्यात, फरशीच्या फटींत असतात, आणि कोषातली पिसू काही महिने तग धरते. अंथरूण दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, व्हॅक्यूम क्लीनर सोफ्याखालीही फिरवा. घरात मांजर असेल तर एक गोष्ट जिवावरची आहे. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विषारी आहे. ते मांजराला लावू नका, आणि औषध लावलेल्या कुत्र्याजवळ मांजराला झोपू देऊ नका.

पिसवांच्या ॲलर्जीचा मुख्य अड्डा कमर, शेपटीचं बूड आणि मांड्यांची मागची बाजू. चिकूचं तसं दिसत नाही. तरीही ही पायरी गाळू नका, कारण एका कुत्र्याला एकच ॲलर्जी असते असं नाही. घडा थेंबाथेंबाने भरतो. थोडे धूळकिडे, थोड्या पिसवा, थोडा जंतुसंसर्ग, आणि एका रात्री तो वाहू लागतो. यातला एक भार जरी काढला, तरी कधीकधी बाकीचे कुत्रा सहन करून नेतो.

खरूजही तपासून घ्या. कानाची कड अंगठा आणि बोटात धरून हलके चोळली आणि मागचा पाय आपोआप खाजवायला उठला, तर तिचा संशय घ्यावा. घरातल्या माणसांच्या हातापोटांवर खाजरे पुरळ आले असतील तर नक्कीच. खरुजेचे किडे खरवडलेल्या नमुन्यात बरेचदा सापडत नाहीत, म्हणून डॉक्टर नुसत्या संशयावरही औषध देतात, आणि ते बरोबर आहे.

आता त्या आंबूस वासाबद्दल. माझ्या मते चिकूच्या दोन वर्षांच्या चक्राचा अर्धा उलगडा तिथेच आहे. ॲलर्जीने सुजलेल्या कातडीवर एरवी शांतपणे राहणारे जंतू आणि यीस्ट बेसुमार वाढतात. मॅलेसेझिया नावाचं यीस्ट असलं की तो विशिष्ट वास येतो, कातडी तेलकट होते, जुनी झाली की काळसर आणि जाड होते. या संसर्गाची स्वतःची वेगळी खाज असते. ॲलर्जीची गोळी दिली, पण संसर्ग तसाच राहिला, तर खाज अर्धीच उतरते आणि आपण म्हणतो औषध लागू पडत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘पंजांचा आणि दोन्ही कानांचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहाल का?’ चिकटपट्टी किंवा बोळ्याने नमुना घेतात, दुखत नाही, उत्तर बहुधा त्याच भेटीत मिळतं. जंतू आहेत की यीस्ट, यावर औषध ठरतं. गेल्या वेळचे उरलेले कानाचे थेंब अंदाजाने घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनी बहिरेपणही येऊ शकतं. कानात काडीही घालू नका, तिने मळ आणखी आत ढकलला जातो.

तेवीस गोष्टींची ती यादी बाजूला ठेवा. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते. केस आणि लाळेवरच्या अशा तपासण्या पारखण्यासाठी संशोधकांनी निरोगी कुत्र्यांचे, ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांचे आणि सोबत चक्क कृत्रिम केसांचे व मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे नमुने पाठवले होते. अहवाल त्या कृत्रिम केसांचेही आले, आणि खऱ्या-खोट्यांत फरक करता आला नाही. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ततपासणीही भरवशाची नाही. रक्ताची किंवा कातडीत टोचून करायची तपासणी उपयोगी पडते ती ॲटोपीचं निदान झाल्यावर, ॲलर्जीवरच्या लसीत कोणते घटक घालायचे हे ठरवताना. तुमचे पैसे गेले याचं मला वाईट वाटतं. पण त्या कागदापायी चिकूच्या ताटातून तेवीस पदार्थ काढलेत, तर नुकसान आणखी वाढेल.

मग खाण्याची ॲलर्जी ओळखायची कशी? त्याला एकच खात्रीचा मार्ग आहे आणि तो कष्टाचा आहे. आठ आठवडे कडक चाचणी आहार, आणि त्यानंतर जुन्या खाण्याने उलटतपासणी.

पाच वेळा खाणं बदलून उपयोग का झाला नाही, ते आधी पाहू. ॲलर्जी बहुतेक करून प्रथिनांची असते, आणि कुत्रा जे महिनोन्‌महिने खात आलाय त्याचीच बहुधा होते. पाकिटांवरची नावं बदलली, चित्रं बदलली, पण आत प्रत्येक वेळी चिकनच असेल तर शरीराच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. रिकामी पाकिटं असतील तर घटकांची यादी काढून ताडून पाहा. खाण्याची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांच्या प्रकाशित नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के असं चित्र दिसलं. एका कुत्र्याला एकाहून जास्त गोष्टी बाधू शकतात. म्हणजे ‘धान्य नसलेलं’ ही पाटी वाचून ॲलर्जी सुटेल असं धरून चालता येत नाही. दुकानातल्या ‘मोजक्या घटकांच्या’ खाण्यातही यादीत न लिहिलेलं प्रथिन सापडल्याची उदाहरणं आहेत. आणि दरवेळचे ते आठ-पंधरा दिवस? तेवढ्यात निकाल लागत नाही. खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांना पाचव्या आठवड्यापर्यंत आणि ९० टक्क्यांहून अधिकांना आठव्या आठवड्यापर्यंत आराम पडतो. पंधराव्या दिवशी हात टेकले तर बरेच जण निसटतात.

चाचणीसाठी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मिळणारं हायड्रोलाइज्ड खाणं. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या संरक्षण यंत्रणेला ते सहसा ओळखू येत नाहीत. दुसरी वाट घरच्या स्वयंपाकाची. चिकूने आयुष्यात कधीच न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, तेल-मसाला काही नाही. घरचं करणार असाल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंदाजाने शिजवलेल्या खाण्यात कॅल्शियम आणि बाकीची खनिजं कमी पडतात, आणि वाढत्या पिल्लाला तर ते फार महागात पडतं. तुमच्या धावपळीकडे पाहता मी पहिली वाट सुचवेन.

या आठ आठवड्यांत चिकूच्या तोंडात दुसरं काहीही जाता कामा नये. ‘काहीही’मध्ये चवदार टूथपेस्ट येते, चघळायची हाडं येतात, गोळी ज्या तुकड्यात लपवून देता तो तुकडाही येतो, आणि पिसवांवरची चघळायची गोळीसुद्धा, कारण तिला बहुधा मांसाची चव लावलेली असते. त्या काळात मानेवर लावायचं औषध घ्या. माझ्याकडे येणाऱ्या एका कुत्रीला सहा आठवडे झाले तरी फरक नव्हता. सगळं काटेकोर चाललंय असं घरचे शपथेवर सांगत होते. सातव्या आठवड्यात लक्षात आलं की घरातलं वर्षाचं बाळ उंच खुर्चीत बसून जेवतं, आणि कुत्री खाली वाट पाहत बसते. खुर्चीखालची जमीन इतकी स्वच्छ कशी, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून सासूबाईंना या कामात घ्या. त्यांचा जीव तुटतो तो प्रेमापोटी, आणि लपवून दिलेल्या बिस्किटामागेही प्रेमच असतं. त्यांना नियम सांगितलात तर त्या दुखावतील, जबाबदारी दिलीत तर सांभाळतील. चिकूच्या रोजच्या खाण्यातलेच मूठभर दाणे एका डब्यात काढा आणि तो डबा त्यांच्या हाती सोपवा. दिवसभरात चिकूला जे काही ‘खास’ मिळेल ते त्यांच्याच हातून आणि त्याच डब्यातून. चिकूला डब्याचा आवाज आणि आजीचा हात हवा असतो. आत काय आहे याला तो तितकं महत्त्व देत नाही.

सुरुवातीला खाज असह्य असेल तर डॉक्टर काही दिवस औषध देतील, ते घ्यावं, चाचणी बिघडत नाही. मात्र औषध थांबवल्यावर किमान दोन आठवडे फक्त आहारावर काढायचे, तरच कशामुळे बरं वाटलं ते कळतं. आणि मग येतो तो टप्पा, जो जवळजवळ सगळे टाळतात. चिकू बरा झाला, तर जुनं खाणं पुन्हा सुरू करायचं. मला माहीत आहे, शांत झोपायला लागलेल्या कुत्र्याला मुद्दाम खाजवायला लावणं क्रूर वाटतं. पण त्याशिवाय निदान होत नाही. त्या दोन महिन्यांत ऋतू बदललेला असतो, संसर्ग बरा झालेला असतो, पिसवा गेलेल्या असतात. आराम कशाने पडला, हे कसं ठरवणार? ॲलर्जी खाण्याचीच असेल तर खाज काही तासांपासून दोन आठवड्यांच्या आत परतते. परतली की लगेच चाचणी आहारावर आणा, मग एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे देऊन नेमका गुन्हेगार शोधा. दोन आठवडे जुनं खाणं खाऊनही काही झालं नाही, तर खाणं निर्दोष. मग आयुष्यभर महागडी पाकिटं आणायची गरज उरत नाही.

खाण्याने फरक पडला नाही तर उरते ॲटोपी. ती बरी होऊन निघून जात नाही, पण नीट आटोक्यात राहते. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आंघोळ, डॉक्टरांनी सुचवलेला शॅम्पू, आणि फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा. संसर्ग वारंवार होत असेल तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शॅम्पू असतो. आपला शॅम्पू नको, माणसाच्या आणि कुत्र्याच्या कातडीचा सामू (पीएच) वेगळा असतो. टी ट्री तेलही नको, ते कुत्र्याला विषारी ठरू शकतं. फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसा, बोटांमधली जागा कोरडी करा. ओमेगा-३ मेदाम्लांचा उपयोग होतो, पण दिसायला दोन-तीन महिने लागतात.

औषधांबद्दल तुमच्या मनात धास्ती असेल. स्टेरॉइड वाईट नाहीत. लवकर आणि पक्कं काम करतात, थोड्या दिवसांसाठी मी स्वतः देते. वर्षानुवर्षं तीच देत राहणं मात्र योग्य नाही. तहान, लघवी आणि भूक वाढते, स्नायू झिजतात, संसर्ग वाढतात. बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करू नयेत, आणि सोबत वेदनाशामक गोळी देऊ नये, पोटात अल्सर होऊ शकतो. लांबच्या पल्ल्यासाठी आता चांगले पर्याय आहेत. ऑक्लासिटिनिबची गोळी वर्षाच्या वरच्या कुत्र्यांना देतात, तिने एका दिवसातही फरक दिसतो. लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन खाजेचा निरोप नेणाऱ्या इंटरल्युकिन-३१ या प्रथिनाला पकडून ठेवतं, एकाचा परिणाम साधारण चार ते आठ आठवडे टिकतो. सायक्लोस्पोरिनला रंग धरायला चार-सहा आठवडे लागतात. आणि ॲलर्जीची लस, म्हणजे इम्युनोथेरपी. ती मुळावर काम करते. तिचा निकाल पाहायला वर्षभर धीर धरावा लागतो आणि सगळ्यांना ती लागू पडत नाही. पण चिकू फक्त चार वर्षांचा आहे, म्हणून हा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्या मात्र स्वतःहून देऊ नका. कुत्र्याच्या खाजेवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन किंवा औषधी सिरपातलं झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

तोंड अचानक सुजलं, अंगभर गांधी उठल्या, त्यात उलट्या-जुलाब सुरू झाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, कुत्रा कोसळला किंवा श्वासाला धडपडू लागला, तर वाट पाहू नका. मधमाशी चावल्यावर किंवा लस टोचल्यावर असं होऊ शकतं. त्याच मिनिटाला दवाखाना गाठा.

आजपासून एक वही करा. दर रविवारी खाजेला शून्य ते दहा असा आकडा द्या. शून्य म्हणजे निरोगी कुत्र्याइतकंच खाजवणं, दहा म्हणजे खाणं-झोपणंही सुचू न देणारी खाज. शेजारी पंजांचा फोटो, त्याच जागी, त्याच उजेडात. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारी सुधारणा दिसत नाही, पण वहीत दिसते. आठवरून तिनावर आलं तर तो मोठा विजय धरा. शून्याचा हट्ट धरलात तर पुन्हा औषधांमागून औषधं बदलत राहाल.

रात्री तीन वाजता त्याला रागावू नका, दटावल्याने खाज जात नाही आणि तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊन चाटतो. झोपण्यापूर्वी पंजे धुऊन कोरडे करा आणि तुम्हीही झोपा.

राहिलं नणंदेचं म्हणणं. दुसऱ्या घरी गेला तरी चिकूची कातडी हीच राहणार. तिथली माणसं पहिल्या पाकिटापासून सुरुवात करतील. खाज तो दीड वर्षाचा असताना सुरू झाली, बाराही महिने असते, आधी पंजे आणि मग कान, आणि गोळी बंद केली की परत येते, हे कुणालाच ठाऊक नसेल. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, आणि कुठल्याही डॉक्टरला निदानासाठी पहिल्यांदा हेच हवं असतं. फणी आणि पांढरा कागद घेऊन आजच सुरुवात करा, आणि उलटतपासणी झाली की वहीतले आकडे मला कळवा.